रुईचं पान आणि नातीचा गुडघा

त्या सकाळी मी बायकोच्या गुडघ्याला रुईची पानं बांधली. रोजचंच काम. बांधावरून पानं तोडायची, चीक पुसायचा, तेल लावून तव्यावर शेकायची आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं आवळायची. मी जास्त आवळलं की ती बोलायचीच.

"आहो, गुडघा हाये माहा, कडब्याची पेंडी नाही."

हा गुडघा तिचा तरणेपणीच गेला. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन बांध उतरताना पाय मुरगळला. सुजला, सूज उतरली, ती कामाला लागली. बऱ्याच वर्षांनी तोच पाय वाकडा झाला. मी म्हणायचो, वय झालं. ती म्हणायची, मग दुसरा काऊन सरळ हाये? त्याचं वय नाही झालं?

आदल्या दिवशी आम्ही नातीला घेऊन खामगावला डॉक्टरकडे गेलो होतो. नात म्हणजे पोरीची पोर, कॉलेजसाठी आमच्याकडं राहते. कबड्डीत तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, आणि आता पुन्हा मैदानात उतरायची तिला घाई. डॉक्टर म्हणाला, आधी अकोल्याला एक वेगळा एमआरआय काढा. हाडाच्या टोकाला कुर्चेची गादी असते. ती झिजायच्या आधी आतून बिघडते, ते यात दिसतं. पुढं संधिवात व्हायची शक्यता किती, याचा अंदाज येतो. त्यावर व्यायाम आणि खेळ ठरवू.

माझं डोकं सणकलं. जे अजून झालंच नाही, त्याचा फोटो?

"नक्की सांगता का, साहेब?"

"नक्की नाही, आजोबा. अंदाज."

नक्की नाही, तरी काढाच. अशा बोलण्यात मला लबाडीचा वास येतो. उद्या मशीननं म्हटलं, पोरीचा गुडघा जाणार, तर ते गावभर व्हायला किती वेळ लागतो? बैल घेताना चालवून पाहतात, तशी सोयरीकवाले पोर चालवून पाहतील.

पानं बांधता बांधता मी तेच बोललो. "मशीनले काय पुढचं दिसते? सारे धंदे हायेत."

ती हसली. "आखाजीले घट मांडून भवती दाणे ठेवतेत, दुसऱ्या दिवशी ते पाहून औंदाचं पीकपाणी सांगतेत. तवा तुमी पहाटे उठून आयकाले जाता ना?"

"ते येगळं."

"काय येगळं? तिथं बी मोघमच सांगतेत. तरी ते आयकून तुमी तूर कमी पेरता."

"तिथं मले कोणी फसवत नाही."

"अन् डाक्टर फसवते? आपल्याले नक्की मालूम नाही, हे त्यानं तोंडावर सांगतलं. फसवणारा असता त नक्कीच म्हणला असता." तिनं पाय ओढून घेतला. "माह्या गुडघ्याचं तवा कोणी असं मोघम बी सांगतलं असतं, त म्या गाठोडं हलकं बांधलं असतं. उद्या अकोल्याले नंबर हाये. पोरीले नेजा."

"पाहू," मी म्हणालो.

दुपारी जेवून ती जरा पडली, ती उठलीच नाही. गावातला डॉक्टर आला, हृदय बंद पडलं म्हणाला. मला तेही खरं वाटलं नाही. बोलणारं माणूस असं कसं बंद पडतं? अंघोळ घालताना बायका गुडघ्याची चिंधी सोडायला लागल्या. मी सोडू दिली नाही. संध्याकाळी तिला तशीच नेली.

दुसऱ्या सकाळी पाय सवयीनं बांधाकडं गेले. पानं तोडून घरात आलो, तर चूल थंड. मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे मला कळत होतं. हाताला कळत नव्हतं. नात भिंतीला टेकून, ऑपरेशनचा पाय लांब करून बसली होती. तिचे डोळे सुजलेले.

"चाल," मी म्हणालो. "अकोल्याले."

माझी थोरली बहीण आतून ओरडली, "सुतकात घर सोडते का बे कोणी?"

"सुतक मले हाये, बाई. या पोरीच्या गुडघ्याले नाही."

नातीनं वर पाहिलं. "आबा, तुमचा त भरोसा नाही ना त्याच्यावर?"

"आज बी नाही. म्हणून त संग येतो. काय दाखवतेत ते माह्या डोळ्यानं पाहतो."

पानं चुलीजवळ ठेवली, टोपी घातली. फाट्यावर जाऊन गाडीला हात केला, आणि आधी नातीला चढू दिलं; तिनं चांगला पाय आधी टाकला, दुखरा मागून.