सुकदेवअण्णांनी रस्त्यावर लिहिलेली पाटी

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी शहरभर रस्तारुंदी सुरू होती. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून मोजणीच्या पथकात नुकतीच लागले होते… पहिलीच नोकरी.

काम साधं. मी टेप धरून माप सांगायचे आणि पेंटर भिंतीवर लाल खूण करायचा. खुणेच्या अलीकडचं सगळं तुटणार.

आमचे पेंटर सुकदेवअण्णा, मूळचे अमळनेरकडचे, राहायला लिंबायतला. आम्हीही खान्देशातलेच, माझे वडील तिथेच कापडाच्या लूमवर, त्यामुळे अण्णा माझ्याशी घरच्यासारखं अहिराणीत बोलत.

त्या दिवशी आम्ही जुन्या शहराच्या कडेला एका छोट्या घुमटापाशी पोचलो. आत कुणा परदेशी व्यापाऱ्याची कबर, बाहेर टायरवाल्याची पत्र्याची शेड, भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या. माप टाकलं तर निम्मा घुमट रस्त्यात येत होता.

मी आकडा सांगितला. अण्णांनी ब्रश रंगात बुडवला… आणि तसेच उभे राहिले.

"ताई, आठे पाटी व्हती. मन्हाच हातनी."

म्हणजे इथे पाटी होती, त्यांनी स्वतः रंगवलेली. आमचे साहेब गुजराती, त्यांना उशीर होत होता. "काका, निशान करो ने, मोडुं थाय छे," ते म्हणाले.

अण्णांनी ब्रश खाली ठेवला. "साहब, ये सरकारी है. तोडने का नहीं."

"तो बोर्ड बतावो."

बोर्ड नव्हताच. पत्र्यासाठी कुणीतरी काढून नेला असणार. साहेब चिडून म्हणाले, उद्या दुसरा पेंटर आणतो. अण्णा रोजंदारीवर, त्यामुळे याचा अर्थ त्यांना चांगलाच कळत होता… मी मात्र गप्प राहिले. हेही लिहायला हवं.

अण्णांनी खिशातून खडू काढला आणि गुडघे टेकून डांबरावरच बसले. आधी वितीने माप घेऊन रेघा आखल्या. मग वर गुजराती आणि खाली इंग्रजी, एकेक अक्षर.

त्यांना इंग्रजी अजिबात वाचता येत नव्हतं. चित्र काढावं तसं ते काढत होते… आणि मी वाचत होते. संरक्षित स्मारक. मग कायद्याचं नाव, त्याचं वर्ष. नुकसान करणाऱ्याला काय शिक्षा, तेसुद्धा. एकाही स्पेलिंगची चूक नाही.

टायरवाला पान्हा हातात घेऊन बघत राहिला. साहेबांनी वाकून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. इंग्रजी वाचता न येणारा माणूस कायद्याचं वर्ष मनाने लिहीत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं.

"रिक्षा करो बेन," ते हळूच म्हणाले. "जोई आवो."

म्हणजे जाऊन पाहून ये. पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत क्लार्कने संरक्षित स्मारकांची टाईप केलेली यादी समोर ठेवली. मी सर्व्हे नंबरवर बोट ठेवून खाली खाली आले… घुमट यादीत होता.

परत आले तेव्हा अण्णा शेडच्या सावलीत बिडी ओढत होते.

"यादीमा नाव शे ना?" त्यांनी विचारलं.

"शे, अण्णा."

त्यांनी लाल रंगाच्या डब्याचं झाकण लावलं आणि चहा सांगितला… साहेबांनाही.

नकाशात त्या जागी रस्त्याला वळण द्यायचं ठरलं. ते मीच काढलं. सोबतच्या रिपोर्टात माहिती कुठून मिळाली असा रकाना होता. तिथे 'स्थानिक चौकशी' असं लिहायची पद्धत. मी लिहिलं, 'सुकदेव, पेंटर, लिंबायत.' साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

पुढे नोकरीत बऱ्याच मोठ्या फायली हातून गेल्या. पण त्या दुपारी मी गप्प असताना आमचा एक खान्देशी माणूस गुडघ्यावर बसून कायदा लिहीत होता… त्याचं नाव त्या कागदावर माझ्या अक्षरात आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.