तपासणीसाठी उसनी मुले

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते. खून नव्हता, दरोडा नव्हता. ज्यांनी सांभाळायचे त्यांनीच एक अडीच वर्षांची मुलगी हरवली होती, आणि ती कुठे आहे हे माहीत असूनही तोंड उघडले नव्हते. नावे मुद्दाम देत नाही.

नव्वदच्या आसपास मी धरणगावच्या बाजूला नेमणुकीस होतो. कापसाचा हंगाम होता. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी एका संस्थेने पाळणाघर काढले होते. शासन दर मुलामागे अनुदान देई, आयांना काही द्यावे लागत नसे. मुलाने घरून फक्त स्वतःची वाटी आणायची.

दुपारी चारच्या सुमारास एक तरुण विधवा ठाण्यात आली. सकाळी सातची पाळी सुटल्यावर ती मुलीला घ्यायला गेली, तर पाळणाघरातली मदतनीस म्हणाली, तुमच्याच घरची कोणी बाई तिला घेऊन गेली. विधवेचे सासरच्यांशी भांडण होते. त्यांनीच पोर पळवली, असे तिने धरले.

"बठ्ठा पोरं उनात साहेब, मनीच नही उनी," सगळी पोरं आली, माझीच नाही आली, एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

स्टेशन डायरीला नोंद केली, बस स्टँडवर माणूस पाठवला आणि तिच्या दिराला आणि पाळणाघरातल्या मदतनीस बाईला बोलावून घेतले. हरवलेल्या मुलांच्या तक्रारीत मी वहीत तीन रकाने आखत असे: कोणी पाहिले, कोणी ऐकले, कोण नुसतेच बोलते. दीर बिचारा तिसऱ्या रकान्यातही बसेना. तो दिवसभर कापूस वेचत होता आणि शेतमालक त्याला साक्ष होता. तरी मी त्याला तासभर बसवून ठेवले, कारण दुसरे कोणी हाताशी नव्हते.

मदतनीस मात्र प्रत्येक प्रश्नाला तत्पर उत्तर देत होती. नेणारी बाई कशी होती? हिरव्या लुगड्यातली. मुले किती होती? एकवीस. आणि शेवटी? एकवीसच, मोजून दिली. मग एक कमी कशी? यावर ती पदराशी चाळा करू लागली. खोटे बोलणारा माणूस रंग सांगतो आणि आकड्यात अडकतो, हा माझा अनुभव आहे.

पाचच्या पुढे जिनिंगमधलीच एक बाई ठाण्यात आली. तिच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती.

"भाऊ, मना पोरगाना पिशवीमा ही वाटी निघनी. आमनी नही शे. तिना पोरनी शे का, दखाडाले लयनू."

त्या विधवेने वाटी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. मी वाटी उलटी केली. आपल्याकडे लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव कोरतात, हौशी माणूस गावही घालतो. या हौशी माणसाने घातले होते: नशिराबाद. जळगावच्या पलीकडचे गाव, चाळीसेक किलोमीटर दूर. तिथली वाटी इथल्या मुलाच्या पिशवीत आली कशी?

वाटी आणणाऱ्या बाईबरोबर तिचा मुलगा होता, त्याला मी मांडीवर घेतले. एवढ्या लहान मुलाला कुठे गेला होतास हे विचारण्यात अर्थ नसतो. काय खाल्लेस, ते विचारले.

"शिरा," तो म्हणाला. "गाडीमा भुर्र गयथूत."

पाळणाघरात त्या दिवशी खिचडी होती, असे मदतनीस मला दोनदा सांगून बसली होती. मी वाटी तिच्यासमोर ठेवली आणि गाव वाचून दाखवले. ती रडू लागली.

संस्थेची दोन पाळणाघरे होती, दुसरे नशिराबादला. अनुदानासाठी प्रत्येकी चाळीस मुले दाखवली होती, प्रत्यक्षात निम्मीच होती. त्या दिवशी नशिराबादची तपासणी होती, म्हणून इथली मुले टेम्पोत घालून तिकडे नेली. येताना डोकी मोजली, एकवीस भरली, टेम्पो सुटला. इकडे उतरवताना कळले की विधवेची मुलगी तिकडेच कोपऱ्यात झोपून राहिली आहे आणि तिच्याऐवजी तिकडच्या स्वयंपाकिणीचा मुलगा हौसेने टेम्पोत चढला आहे. ती वाटी त्याची, टेम्पोच्या गर्दीत दुसऱ्याच्या पिशवीत गेलेली.

संस्थेच्या संचालिकाबाईंना हे तीनच्या आत समजले होते. दुसऱ्या दिवशी इकडची तपासणी होती. तिकडची मुले येणारच होती, तेव्हा अदलाबदल होऊन जाईल, तोवर कोणी बोलायचे नाही, असा हुकूम त्यांनी दिला. तो मुलगा मदतनिसीच्या घरी खेळत होता. स्वयंपाकिणीला नोकरीची भीती घालून गप्प केले होते.

संचालिकाबाईंना बोलावले, तर त्या मलाच समजावू लागल्या.

"साहेब, मुलगी सुखरूप आहे. एका रात्रीचा तर प्रश्न होता."

मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसलेली आई दाखवली. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. इतका संताप मला सराईत चोरांचाही आला नाही.

वायरलेस केला. आठच्या आत जीपमधून मुलगी आली, स्वयंपाकिणीच्या खांद्यावर झोपलेली. आईने तिला घेतले, हातपाय चाचपले आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. दिराची मी माफी मागितली. तो टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला.

गुन्हा दाखल झाला. मी अनुदान देणाऱ्या खात्याला सविस्तर अहवाल पाठवला आणि रागाच्या भरात शेवटी एक ओळ घातली: सदर केंद्रे तात्काळ बंद करावीत. सरकारी कामात एरवी सहा महिने लागतात. या वेळी तीन आठवड्यांत कुलूप लागले.

मग ती विधवा पुन्हा आली, मुलगी कडेवर. यंत्रांजवळ मूल नको म्हणून मुकादमाने तिला दारातून परत पाठवले होते.

"तुम्हीन मनी पोर शोधी दिनी साहेब. आते इले ठेवू कोठे?"

मी जिनिंगमालकाला भेटलो, खात्याला दोन पत्रे लिहिली. उत्तर येईपर्यंत हंगाम संपला होता.

संचालिकेवर कारवाई व्हावी, केंद्र दुसऱ्या कोणाकडे द्यावे, एवढे लिहिले असते तरी माझे काम पुरे होत होते. बंद करावे का, हे मला कोणी विचारले नव्हते. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत कोणत्याही अहवालात शिफारस लिहिण्याआधी मी कागदाच्या कडेला पेन्सिलीने एक प्रश्न लिहीत असे: उद्या सकाळी सातच्या पाळीला हे कोणाला भोवेल? उत्तर सापडेपर्यंत सही करत नसे.