पाठ लागली नाही तोवर

मी चौथीपर्यंत शिकलो, आणि त्यातलंही वर्षभर तालमीतच गेलं. तेव्हा लिहिताना चुकलं तर चुकलं. कुस्तीतलं मात्र मला कुणी शिकवू नये. शिरूरकडच्या आमच्या गावात होतो तोवर माझी पाठ मातीला दोनदाच लागली, आणि त्यातली एक कुस्ती मी अजून मानत नाही.

पुढं दौंडला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार, म्हणून लागलो. तिथं फिटर भेटला. तो मला पैलवान म्हणायचा, मी त्याला फिटर म्हणायचो. तीस वर्षं एका शेडात काढली, पण एकमेकांना नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. कॉलनीत तेव्हा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. त्यातल्या एकानं त्याला तरुणपणी बॉक्सिंग शिकवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो हाताला चिंध्या गुंडाळून मला ठोसा कसा मारायचा ते दाखवायचा. एकदा मी तो हात धरला आणि त्याला ढाकेचा डाव लावून कोळशाच्या भुकटीत पाडलं. सगळी शेड हसली. तो उठला, पाठ झटकली आणि म्हणाला, "हे बॉक्सिंगमधी चालत न्हाई, पैलवान." मी म्हटलं, "पडलास तर खरा."

रिटायर झाल्यावर, म्हणजे एकोणीसशे नव्वदच्या पुढं, त्याच्या घरी रंगीत टीव्ही आणि केबल आली. माझी मंडळी तोवर वारली होती, पोरं लांब. रविवारी सकाळी मी त्याच्याकडं जायचो. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली टीव्ही, आणि त्याच्या बायकोचा आल्याचा चहा. बॉक्सिंगच्या जुन्या-नव्या लढती लागायच्या आणि आमचा वाद सुरू व्हायचा. वाद एकाच माणसाचा, एका जुन्या हेवीवेट चॅम्पियनचा. त्याचं नाव लिहीत नाही. फिटरला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

मी म्हणायचो, आजवर झाले त्या सगळ्यांत हा पहिला. फिटर म्हणायचा, पाचवा. ओढूनताणून चौथा. त्याचं म्हणणं असं, की याच्या काळात याच्या जोडीचा माणूसच नव्हता. जोड नसली तर माणूस किती मोठा ते कळणार कसं? शिवाय शेवटी एका पोरसवदा गड्यानं त्याला गुणांवर हरवून पट्टा काढून घेतला होता.

ते हरणं मला मान्य नव्हतं. लढत संपली तेव्हा तो दोन पायांवर उभा होता. पाठ टेकली का? नाही. मग हरला कसा? आमच्याकडं पाठ लागली नाही तोवर कुस्ती निकाली होत नाही. मधल्या एका फेरीत तो पडला होता, पण तोंडावर. तोंडावर पडलेल्याला कुठला पंच हरला म्हणतो? फिटर कपाळाला हात लावायचा. ठोसे मोजतात, तीन माणसं बसून मोजतात, असं समजावून सांगायचा. मी म्हणायचो, मोजायला ते काय हरभरे आहेत?

असे आठ-नऊ वर्षांचे रविवार गेले. तेव्हा मला ते काही विशेष वाटायचं नाही.

एका रविवारी तीच लढत पुन्हा लागली. फिटर प्रत्येक ठोशाला "बघ, हा एक, हा दुसरा" म्हणायला लागला. मला खोटं पाडायलाच तो मोजत होता. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तालमीच्या मातीत कवा पाय टाकला न्हाईस तू. तुला काय कळणार मोठा पैलवान कोन ते."

त्यानं उठून टीव्ही बंद केला. त्याची बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली.

"टाकू दिला न्हाई," तो म्हणाला. "तुझ्याच गावात. मामाकडं आलो हुतो, अठरा वर्साचा आसंन. लंगोट घिऊन तालमीत गेलो, तर वस्तादानं उंबऱ्यावरनंच हाकललं. कुनाचा हाय ते इचारलं आन् हाकललं."

मला आठवलं. लगेच आठवलं. मी आत जोर मारत होतो. दारात एक काळासावळा, उंच पोरगा, हातात लाल लंगोटाची घडी. वस्ताद काहीतरी बोलला, तालमीतले सगळे हसले. मीही हसलो, आणि पुन्हा जोर मारायला लागलो. तो पोरगा म्हणजे फिटर, हे तोवर माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

हे तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "ती येगळी गोष्ट. आपलं बॉक्सिंगचं चाललंय."

त्याची बायको चहा तसाच आत घेऊन गेली. मी चप्पल घातली आणि निघालो.

पुढच्या रविवारी गेलो नाही. त्यानं बोलवावं असं वाटत होतं. त्यानं बोलवलं नाही. असं करत वर्ष गेलं. मग कळलं, तो घर भाड्यानं देऊन यवतला लेकीकडं राहायला गेला. निघताना मला सांगितलं नाही. सांगायला मी काय त्याच्या दाराशी बसलो होतो?

मी स्वतःचा टीव्ही घेतला. रविवारी एकटाच लावायचो. "पहिला," असं मोठ्यानं म्हणायचो. पाचवा म्हणायला कुणी नव्हतं. चहा करायचो तो दोन कप व्हायचा. ती सवय जायला फार दिवस लागले.

एकदा तीच लढत परत लागली. मी दोन वाट्या आणि मूठभर हरभरे घेऊन बसलो. याचा ठोसा बसला की या वाटीत, त्याचा बसला की त्या वाटीत. बारा फेऱ्या झाल्या आणि वाट्या बघितल्या. मोजायची गरजच नव्हती. माझा चॅम्पियन हरला होता, चांगला दणकून हरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटल गाडीनं यवतला उतरलो. विचारत विचारत घर काढलं. फिटर पुढच्या खोलीत खाटेवर बसला होता, फार वाळला होता. मला बघून उठायला लागला.

"या आबा," म्हणाला. "बसा."

इतक्या वर्षांत तो मला कधी आबा म्हणाला नव्हता. मी बसलो. हरभऱ्याचं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "तुमचा चॅम्पियनच पैला, आबा. मी उगा वाद घालायचो."

मी म्हटलं, "न्हाई रं. हरला हुता तो. मी मोजलंय."

"आसंल," तो म्हणाला. "तुमी म्हनता तसं."

मला ते सहन होईना. त्याला डिवचायला मी नाही नाही ते बोललो. म्हटलं, आमच्या तालमीतला पंचेचाळीस किलोचा गडी कुठल्याही हेवीवेटला लोळवील. एरवी या एका वाक्यावर त्यानं माझा दुपारपर्यंत पिच्छा सोडला नसता. त्यानं मान हलवली. म्हणाला, "लोळवंल की."

आखाड्यात जोडीदार उतरलाच नाही, की पंच तुमचा हात वर करतो. तशा कुस्त्या मी कधी जिंकलेल्यांत धरल्या नाहीत. लाज वाटते त्याची.

त्याची बायको चहा देऊन गेली. मी प्यालो. परतीच्या शटलची वेळ झाली तसा उठलो. तो उंबऱ्यापर्यंत आला, मी उंबऱ्याच्या बाहेर पायरीवर होतो. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

म्हटलं, "त्या दिवशी तालमीत मी हुतो. आत. बघितलं तुला. हसलो बी हुतो."

त्यानं चौकटीला हात टेकला. मग म्हणाला, "ठाऊक हाय. शेडमधी आलास त्याच दिवशी वळीकलं मी तुला, पैलवान."

एवढंच बोलला आणि चौकटीला धरून आत वळला. पुन्हा ये म्हणाला नाही, येऊ नको असंही म्हणाला नाही. मी विचारलं नाही.

शटल मोकळी होती. तरी मी पाटसपर्यंत दारातच उभा राहिलो. खिशात मूठभर हरभरे होते, त्याला दाखवायला नेलेले. ते दाखवायचे राहूनच गेले.