कुणाचा तरी हात

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा जगात एकाच माणसावर विश्वास होता, आणि तो माणूस म्हणजे त्या स्वतः. दूध नासलं? कुणाचा तरी हात आहे. दोरीवरचा टॉवेल खाली पडला? वारा कसला आलाय, कुणाचा तरी हात आहे. कोंबडीनं अंडं दिलं नाही की त्या माझ्याकडे बघायच्या. आता मी काय कोंबडीच्या कानात जाऊन सांगितलं होतं, की देऊ नकोस म्हणून?

तरी एक सांगते, बाई मनानं वाईट नव्हती. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला गाईच्या कुठल्या बाजूला बसायचं हेही ठाऊक नव्हतं. धार काढायला त्यांनीच शिकवलं. माझे हात स्वतःच्या हातात धरून म्हणायच्या, "अंगठा दुमडू नकोस गं, तिला दुखतं. मूठ वळ. अश्शी." सख्ख्या बहिणीनं एवढं केलं नसतं.

मग थोरले दीर गेले. भर दुपारी गोठ्यातल्या पाण्याच्या हौदापाशी पडले ते पडलेच. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी, बाई. यात कुणाचा दोष नसतो." जाऊबाई त्या डॉक्टरकडे अशा बघत राहिल्या, की तो बिचारा चहाही न घेता निघून गेला. तेव्हापासून हे 'कुणाचा तरी हात' सुरू झालं. गोठ्याच्या दाराला कुलूप आलं, किल्ली त्यांच्या कमरेला गेली. आत जायचं म्हणजे आधी उंबऱ्यावर उभं राहायचं आणि तळवे पुढे करायचे. "हात दाखव." वास घेऊन, नखं बघून मग सोडायच्या. आमचे हेसुद्धा, त्यांचा सख्खा धाकटा दीर, मुकाट्यानं हात दाखवून आत जायचे. यांना काही बोलायला जावं तर म्हणणार, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे काहीही बघायचं नाही.

गोठ्यात पाच जनावरं. त्यातली चार जाऊबाईंची लाडकी, आणि त्यातही टिकली म्हणजे जीव की प्राण. टिकली कालवड. तिची आई वितानाच मेली, मग जाऊबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. पाचवी भवानी. नावाप्रमाणेच गुण. जाऊबाई जवळ गेल्या की लाथ झाडायची. का, ते तिलाच माहीत. म्हणून भवानीचं सगळं माझ्याकडे. बाकीच्यांचं अंग जाऊबाई रोज खराऱ्यानं घासायच्या, तो लोखंडी, दातेरी. तो खरारा त्या कपाटात ठेवायच्या आणि कपाटालाही कुलूप. कुणी त्याला बोट लावायचं नाही. मी आपली भवानीला गोणपाटाच्या तुकड्यानं पुसायची.

अशात एके दिवशी टिकलीच्या मानेवर चामखीळ दिसली. मग दुसरी. मग डोळ्यांच्या कडेला, ओठांवर, कानामागे. बघता बघता फुलकोबीचे तुरे लटकावेत तशी दिसायला लागली पोर. जाऊबाईंनी जेवण टाकलं. रोज सकाळी त्या चामखिळींना मुळापासून काढायचं म्हणून खराऱ्यानं घासायच्या. रक्त यायचं, टिकली मान ओढायची आणि जाऊबाई रडत रडत घासायच्या. मी म्हटलं, "ताई, दुखतंय तिला." तर म्हणाल्या, "तुला का एवढी काळजी?" घ्या!

शेवटी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी टिकलीची मान इकडे तिकडे फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "घाबरण्यासारखं नाही. याच्यामागे बहुतेक वेळा हातच असतो. एकीचं दुसरीला लागतं. दावं, हात, काही टोचलं खरचटलं तर..." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुठे तरी गाय अडली होती. गाडीला किक मारता मारता ओरडल्या, "सोलू नका हं! आपोआप झडतील!"

धुरळा खाली बसायच्या आत जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

"ऐकलंस? याच्यामागे हात आहे. डॉक्टरीण म्हणाली."

"अहो ताई, हात म्हणजे तसा हात नाही. हात लागून पसरतं असं म्हणाल्या त्या."

"मला मराठी येतं. आणि आपोआप म्हणे! आपोआप काही येत नसतं आणि आपोआप काही जात नसतं."

झालं. आधी संशय पेंडवाल्यावर. त्यानं पेंडीत काही तरी कालवलं म्हणून त्याला दारातूनच परत पाठवला. तो जाताना म्हणाला, "पेंड पोटात जाते बाई, मानेवर नाही," पण ऐकतो कोण. मग समोरची. समोरची म्हणजे आमची शेजारीण. तिनं एकदा टिकलीला "काय गोड आहे गं" म्हणून थोपटलं होतं. तेवढ्यावर तिच्याशी बोलणं बंद. तोवर आठवड्यामागून आठवडे गेले आणि चामखिळी तांबूच्या मानेवर आल्या, मग बांडीच्या, मग म्हाताऱ्या काळीच्या. जाऊबाई खरारा आणखी जोरानं फिरवायला लागल्या.

आणि मग एका सकाळी त्या भवानीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. लाथ पोचणार नाही इतक्या लांब. भवानीचं अंग तुळतुळीत. मानेवर केस इकडचा तिकडे नाही. जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"चौघींना झालं," त्या सावकाश म्हणाल्या. "तुझीच कशी काय बरी राहिली?"

सांगा आता, याला उत्तर काय देणार! माझी गाय आजारी पडली असती तर मी निर्दोष. ती धडधाकट म्हणून मी चोर. "मला काय माहीत, ताई?" म्हटलं, तर "तुलाच माहीत असणार." मी रागानं लाल झाले. म्हटलं, "उद्या मलाही चामखीळ येऊ दे म्हणून बसू का मी?" त्यावर त्या पाठ फिरवून निघून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात विटांचा ढीग पडला. गवंडी आला, दोरी लावून गोठ्याच्या मधोमध रेघ मारायला लागला. भिंत! भवानी आणि मी पलीकडे, बाकी सगळं अलीकडे. मी यांच्याकडे धावले. "अहो, काही बोला! आज गोठ्यात भिंत, उद्या स्वयंपाकघरात. मग जेवायला बसायचं कुणाशी? आजारी पडलं तर हाक मारायची कुणाला?" हे म्हणाले, "बघू." त्या क्षणी हाताशी वीट असती तर काय झालं असतं, सांगवत नाही.

मी रडले. खोटं कशाला बोलू? ज्या बाईनं माझे हात धरून धार काढायला शिकवली, तिला आता त्याच हातांची भीती वाटत होती. माहेरी निघून जावं असंही मनात आलं. पण मग भवानीला कोण पुसणार, आणि खरं सांगायचं तर, त्यांना कोण बघणार?

भिंत गुडघ्याएवढी झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, समोरचीच्या गाईला टोचायला. जाता जाता आमच्याकडे डोकावल्या. एक-एक जनावर बघत गेल्या. चौघींच्या माना पाहिल्या, मग भवानीपाशी थांबल्या. "हिला नाही?"

"तेच तर म्हणते मी!" जाऊबाईंनी आवाज चढवला. "विचारा हिला!"

डॉक्टरीणबाईंनी मला नाही विचारलं. त्यांनी काळीच्या मानेवरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. बारीक, एका ओळीत, दात्यांसारखे. "हे खराऱ्याचे?"

"हो. रोज करते."

"एकच खरारा? टिकलीला फिरवलेलाच यांना?"

"एकच."

"आणि हिला?" भवानीकडे बोट.

"ती जवळ येऊ देत नाही मेली."

"खरारा दुसरं कोण वापरतं?"

जाऊबाई ताठ झाल्या. कमरेची किल्ली मुठीत धरून म्हणाल्या, "कुलपात असतो तो. माझ्याशिवाय एकाही माणसाचा हात लागत नाही त्याला." हे शब्द त्या इतक्या वर्षांच्या दिमाखात बोलल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. मला त्यांचा चेहरा दिसला. माझाच विजय झाला होता ना? मग आनंद का नाही झाला मला?

डॉक्टरीणबाई सरळ होत्या. टिकलीचं रक्त दात्यांना लागून बाकीच्यांच्या ओरखड्यांत गेलं, एवढंच म्हणाल्या. खरारा उकळा, प्रत्येकीला वेगळा करा, हात साबणानं धुवा, वेळ गेला की झडतील. आणि गेल्या. गवंडी थापी हातात धरून म्हणाला, "वहिनी, पुढचा थर लावू का?" जाऊबाई त्याला ओलांडून घरात निघून गेल्या.

मग त्या गोठ्यात येईनात. कपाटाची किल्ली माझ्या उशाशी आणून ठेवली. वैरण मी घालते, पाणी मी दाखवते, पण टिकली माझ्या हातचं खाईना. दाराकडे तोंड करून हंबरायची. ते ऐकू येऊनही बाई पलंगावर बसून हात मांडीखाली घेऊन भिंतीकडे बघायची. पहिले दोन-तीन दिवस मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली. मग राहवेना. चहा घेऊन गेले.

"ताई, चला. ती जेवत नाहीये."

"नको. माझा हात लागायला नको."

"अहो, धुवायचे हात. एवढंच."

त्यांनी हात आणखी आत ओढून घेतले. मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाल्या, "हे गेले त्या दुपारी यांना बरं वाटत नव्हतं. छातीत जड वाटतंय म्हणत होते. मीच म्हटलं, नाटकं पुरे, उठा, गुरांना पाणी दाखवून या." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "कुणाला सांगितलं नाही मी. डॉक्टर म्हणाला कुणाचा दोष नाही. मला वाटलं, कुणाचा तरी असेलच. दुसऱ्या कुणाचा तरी असू दे."

मी कप खाली ठेवला. एवढी वर्षं ही बाई उंबऱ्यावर उभी राहून आमचे सगळ्यांचे हात तपासत होती!

मी त्यांच्याशेजारी पलंगावर बसले. मग जे तोंडात आलं ते बोलले. "ताई, हात लागला म्हणजे हात होता, असं नसतं. टिकलीला तुम्ही मारायला नाही घासत होता. आणि दादांनाही तुम्ही मरायला नाही पाठवलं. पाणी दाखवायला पाठवलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. विश्वास बसला नसावा. त्यांचा कशावर बसलाय कधी! पण उठल्या. मोरीत गेल्या, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. मी गोठ्यात जाऊन भवानीला पुसायला घेतलं.

गुडघ्याएवढ्या भिंतीपलीकडे, दारापाशी पावलं थांबली. टिकली दावं ताणून हंबरायला लागली, पण त्या आत आल्या नाहीत. मी मान वर केली. जाऊबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, कोपरापर्यंत ओल्या, आणि त्यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले होते.

"बघ," त्या म्हणाल्या.

मी गोणपाट खाली ठेवलं, जवळ गेले, आणि नीट पाहिले. नखं पाहिली. वासही घेतला.

"स्वच्छ आहेत, ताई," मी म्हटलं. "या आत."