खाडीवरची ती सकाळ

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आमच्या भिंतीला लागूनच एक चिनी कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात, अकरावीला. शनिवारी दोघींना क्लासला कधी मी सोडायची, कधी तिची आई.

त्या शनिवारी माझ्या मुलीला ताप होता, म्हणून गाडीत शेजारची मुलगी आणि मी, दोघीच. धुकं अजून विरलं नव्हतं. सिग्नलचे दिवे हवेत तरंगताहेत असं वाटत होतं. क्लासपाशी गाडी थांबवली, तर ती उतरेना. पट्टा सोडलेला, हात दारावर, नजर कुठेच नाही. बरं नाही का, म्हणून विचारलं. तर म्हणाली, "आंटी, थोडं पुढे जाऊ या? कुठेही."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की मी गाडी परत रस्त्याला लावली. ती माझ्याबरोबर आहे, असा तिच्या आईला मेसेज केला आणि खाडीकडे वळले. पोचेपर्यंत तिला झोप लागली होती. समोर जुन्या मिठागरांचं पाणी होतं, पण पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मधूनच एखादा पांढरा पक्षी धुक्यातून यायचा आणि धुक्यातच जायचा. मी इंजिन बंद करून तिचा श्वास ऐकत बसले. किती वेळ, कोण जाणे.

जाग आल्यावर ती आपणहून बोलायला लागली. पुस्तकातली ओळ वाचली की अक्षरं पाण्यात हलल्यासारखी हलतात, जेवणाला चव लागत नाही, मैत्रिणी काचेपलीकडून बोलताहेत असं वाटतं. मार्क मात्र अजून चांगले होते, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "मला मरायचं नाहीये, आंटी. पण सकाळी उठायचंही नसतं."

मी मागे वळून तिचा हात धरला. आईला सांगू या का, असं विचारलं. तिने होकाराची मान हलवली. "तुम्ही सांगा. चिनीत मला त्यासाठी शब्दच येत नाहीत."

माझी मुलगीही माझ्याशी इंग्रजीतच बोलते. ते वाक्य माझ्या आत खोल कुठेतरी उतरलं.

आम्ही परतलो तेव्हा तिची आई ओट्याशी नासपती सोलत होती. मी सोप्या इंग्रजीत, थांबत थांबत सगळं सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली. "मी रोज विचारते, जेवलीस का. ती हो म्हणते. मला वाटायचं, म्हणजे सगळं ठीक आहे."

मुलगी अजून बाहेर गाडीतच होती. आई तिच्याशेजारी मागच्या सीटवर जाऊन बसली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. नंतर मुलीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

सोमवारी आई स्वतः शाळेतल्या समुपदेशक बाईंना भेटली, मग डॉक्टरांना. क्लास बंद झाला. वडिलांना ते पटायला वेळ लागला. वर्ष वाया जाईल, असं ते माझ्या नवऱ्याजवळ बोलून दाखवायचे. पण मुलीला डॉक्टरांकडे न्यायला एकदा ते गेले, आणि पुढे नेहमी तेच जायला लागले.

ती आता जवळच्याच कॉलेजात जाते. काही दिवस अजूनही जड जातात. तशा दिवशी ती सकाळी आईच्या खोलीत जाते आणि सांगते, आज जड आहे. हे तिच्या आईनेच मला सांगितलं, कुंपणाशी उभं राहून, हलक्या आवाजात. त्यासाठीचा चिनी शब्द दोघींनी मिळून ठरवलाय म्हणे.