भूल उतरायला चार तास

किस्से मी गोळा करत नाही हो. वेचणीहून आलं की लुगड्याला कापूस चिकटलेला असतो ना, तसे तेच चिकटून येतात. काढता काढता जीव थकतो.

हा पहिला रहीमभाईच्या चक्कीवरचा. माझ्यापुढची बाई दुसरीला सांगत होती, "गयाबाईच्या गजाननचं अपेंडिक्स काढलं, अन् तो उठलाच नाही! फवारणीचं विष म्हणे अंगात..."

तेवढ्यात रहीमभाईनं पट्टा चढवला आणि पुढचं सगळं घरघरीत दळून गेलं!

"भाई, दोन मिनिट बंद करा ना!"

"शोभाताई, लाइन जाऊन राह्यली. बातमी नंतर बी भेटन!"

*

डबा तिथंच टाकून मी गयामावशीच्या घरी पळाले. आमच्या दोघींत एकच भिंत. बघते तर गजानन खाटेवर बसून खिचडी खातोय!

"काय बे, तू त जित्ता हायेस!"

"हाव वहिनी. पर चार तास मेल्यासारखाच होतो."

ऑपरेशन नीट झालं होतं, पण भूल काही उतरेना. श्वाससुद्धा घेता येईना, म्हणून मशीन लावलं.

"शेवटी शेवटी सारं आयकू येत होतं. हात उचलतो म्हटलं त उचलेना. डोया उघडतो म्हटलं त उघडेना. अन् एक सिस्टर दुसरीले म्हणे, या बुवाच्या पायाचा मळ पाह्य!"

"मंग?"

"मंग काय! मले पाय बी लपवता आले नाही!"

*

बोंडअळी न लागणारं बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा सगळे म्हणाले, फवारणीचा पंप आता भंगारात द्या. एक-दोन वर्षं बरी गेली. मग पांढरी माशी आली, मावा आला, पंप पुन्हा पाठीवर चढला. गजानन पोट दुखायच्या आदल्या दिवसापर्यंत फवारत होता. त्यामुळे गल्लीनं निकाल देऊन टाकला: विष चढलं!

त्या आठवड्यात प्रत्येक बाईनं नवऱ्याला फवारणीनंतर दोन-दोनदा आंघोळ करायला लावली. माशी काही मेली नाही. साबण तेवढा संपला!

*

पण डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून जास्त. "फवारणीचं असेल, पण जन्मापासूनचंही असू शकतं. बहिणीचंही रक्त तपासा," असं म्हणून त्यांनी एक कागद लिहून दिला होता. हे गजाननच्या बायकोनं मला भिंतीवरून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणजे, एकदाच विचारलं होतं.

गयामावशीनं त्यातलं फवारणीचं तेवढं गावाला सांगितलं आणि कागद ट्रंकेत टाकला. गजाननच्या पोरीची सोयरीक चालली होती.

"जन्माचं हाये म्हटलं की पोरगी घरातच राह्यते, शोभे."

आमच्याकडे पाहुणे शेतीआधी आजार विचारतात. मी तरी काय बोलणार? गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, म्हणजे पाहा.

*

दोन वर्षांनी गजाननच्या बहिणीच्या, प्रमिलाच्या, पित्ताशयात खडे निघाले. तिचं सासर आमच्याच गल्लीत. दुखायला लागलं की बिचारी कापसाच्या ढिगावर पालथी पडायची. जिल्ह्याच्या गावी ऑपरेशन ठरलं. गयामावशी गेली, आणि अर्थात मीही गेले.

भूलवाली डॉक्टर मॅडम तरुण होती. तिनं विचारलं, "घरात कोणाला भुलेचा त्रास झालाय?"

नातीची सोयरीक अजून जमायची होती. मावशी ताडकन म्हणाली, "नाही बाई! आमच्या घरी सारे ठणठणीत!"

मी प्रमिलाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, तिला कागदाचं कोणी सांगितलंच नव्हतं. भाऊ चार तास मशीनवर होता, ही उठलीच नाही तर? मी खोकले. पुन्हा खोकले.

"काकू, खोकला आहे का तुम्हाला?"

"नाही मॅडम. बातमी हाये!"

*

मी सगळं सांगितलं. मावशी तिथंच ओरडली, "तुह्या तोंडाले झाकणच नाही!" प्रमिलानं आईकडे पाठ फिरवली. मॅडमनं ऑपरेशन पुढं ढकललं आणि रक्त तपासायला पाठवलं. सोबत आलेला प्रमिलाचा नवरा एसटीनं गावी जाऊन ट्रंकेतला कागद घेऊन आला.

पुढचे आठ दिवस प्रमिला दुखणं सोसत राहिली आणि मावशीनं माझ्याशी अबोला धरला. भिंत पहिल्यांदाच भिंतीसारखी वाटली. बरोबर केलं की चोंबडेपणा, हेच मला कळेना. भाकरीसुद्धा करपायच्या.

*

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी एकाच बाकावर, दोन टोकांना. मधे पाण्याची बाटली. दोघींनी तिला हात लावला नाही.

दार उघडलं. मॅडम मास्क काढत म्हणाली, "झालं. जाग्या झाल्यात. पाणी मागतायत, आणि नाही म्हटलं तर भांडतायत!"

मावशी पदरात तोंड घालून रडली. मीही रडले, पण माझ्या टोकाला.

मग मॅडम शेजारी बसली. म्हणाली, "भुलेतलं एक औषध असतं, ते उतरवणारं एन्झाइम यांच्या रक्तात जन्मापासून कमी आहे. आम्ही ते औषध दिलंच नाही, दुसरं दिलं. हे आधी कळलं म्हणून बरं."

"मंग फवारणीचं खोटं होतं का?" मी विचारलंच.

"अर्धं खरं. गजाननभाऊंचं मुळातच कमी होतं, फवारणीनं आणखी घटलं असणार. आजी, आता घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या."

मावशीनं बाही वर केली. "माह्यं काढ बाई पयले." मग माझ्याकडे न बघता बोट केलं. "अन् हिचं बी काढ."

"या तुमच्या कोण?"

"कोणीच नाही. पर आमच्या घरात काय हाये ते हिच्याच रक्तात हाये!"