न्हाण्यापासून मोजलेला महिना

वहिनी गच्चीत ओले केस वाळवत बोटांवर दिवस मोजत होती. तिला मूल हवंय.

"आज न्हाले, म्हणजे आज पहिला दिवस," ती म्हणाली.

"नाही गं," मी म्हटलं, "रक्त दिसलं तो पहिला. आणि बीज सुटतं पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी."

"मग बाजूला बसले ते दिवस?"

"तेही धरायचे!"

घर बाईला न्हाल्यावरच आत घेतं, म्हणून तीही स्वतःला तिथूनच मोजते. शरीर मात्र कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. घरात विटाळ पाळला जातो तेव्हाच शरीराचा नवा महिना सुरू झालेला असतो.

"म्हणजे न्हाल्यापासून चौदावा दिवस धरून आम्ही दर महिन्याला उशीरच करत होतो," वहिनी हळूच म्हणाली. "मोजायला सासूबाईंनीच शिकवलं. मूल नाही म्हणून बोलही त्याच लावतात."

सासूबाई म्हणजे माझी आई. मी खाली गेले, तिच्याशेजारी बसले आणि सावकाश सांगायला लागले.